उद्यापन राहिलेला नेम

वत्सलाताई शेंडे एकदा शाळेत सांडशी घेऊन आल्या होत्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात सांडशी. गॅसवरून दुधाचं भांडं उतरवलं, तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि त्या तशाच पळत सुटल्या. ब्रह्मपुरीपासून शाळेच्या गावापर्यंत जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या आम्हा कुणालाही ते सांगता आलं नाही, कारण त्या बोलत होत्या आणि त्या बोलत असताना मध्ये शिरायला फट मिळत नसे. शाळेच्या फाटकात पोरांनी "नमस्ते मॅडम" म्हटलं तेव्हा त्यांनी सांडशी उंचावून नमस्ते केलं. हजेरी घ्यायला बसल्यावर त्यांना ती दिसली. दुसरी कुणी असती तर खजील झाली असती. यांनी ती टेबलाच्या खणात टाकली आणि मला म्हणाल्या, "बरं झालं मॅडम. आता बसतीन घरी दुपट्ट्यानं भांडे उतरवत."

मी नागपूरची. बदली होऊन ब्रह्मपुरीला आले तेव्हा मला खोली हवी होती आणि शेंड्यांच्या घराला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या. शाळा एक, जीप एक, आणि मधली भिंत एवढी पातळ की त्यांच्याकडची फोडणी मला शिंकायला लावायची. मी एकटी राहणारी, तोंडानं जरा फटकळ. लोकांच्या घरात काय चाललंय ते पाहू नये असं मला लहानपणी शिकवलं होतं, पण समोर चालू असलेल्या सिनेमाकडे पाठ करून बसणं कुणाला जमतं?

त्या घरात माणसं मोजकीच. वत्सलाताई, त्यांचे यजमान देवरावभाऊ, मुलगा प्रफुल्ल आणि सासूबाई. सासूबाईंना मी आजी म्हणायची, वत्सलाताई आत्याबाई म्हणायच्या. देवरावभाऊंची धानाची शेती होती. माणूस स्वभावानं गरीब, पण घरात पाय ठेवला की त्यांचे हात गळून पडत. पाणी, टॉवेल, चष्मा, रिमोट, सगळ्यासाठी एकच हाक, "अवं, ऐकली का!" प्रफुल्ल बल्लारपूरला नोकरीला होता. तो शनिवारी यायचा आणि बापाच्या सुरात सूर मिसळायचा. आजी अंगणाजवळच्या बाजेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवून असत.

वत्सलाताईंना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा त्या उभ्यानं, दोन घोटांत, उकळता पीत. केस जीपमध्ये विंचरत. फळ्यावर एका हातानं लिहीत आणि पोरांचं उतरवून होण्याआधीच दुसऱ्या हातानं पुसत. एखादी पोरगी उत्तर देताना अडली की तिचं वाक्य त्याच पूर्ण करून टाकत आणि तिलाच "शाब्बास" म्हणत. जेवण म्हणजे ओट्याशी उभं राहून, गॅसवर एक डोळा ठेवून, पातेल्यातच कालवलेला भात. मी एकदा विचारलं, "ताई, तुमचं ताट कुठलं?" तर त्यांना खरंच आठवेना. घरातल्या सगळ्यांची ताटं ठरलेली होती. त्यांच्या नावाचं ताटच नव्हतं.

मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्या खाली कोसळल्या. पोरं ओळीत उभी, त्या समोर, आणि "सावधान" म्हणता म्हणताच गुडघ्यांतून वाकल्या. आम्ही जीप करून त्यांना वाटेवरच्या दवाखान्यात नेलं. बीपी चांगलंच वाढलेलं होतं. डॉक्टर वयानं तरुण होते. गोळ्या लिहून देत म्हणाले, "बाई, धावपळ कमी करा. औषधानं सगळं होत नाही."

"धावपळ काय मीठ हाये का सर, चिमूटभर कमी टाकाले?" वत्सलाताई म्हणाल्या. डॉक्टर हसले, मीही हसले. परतताना मात्र त्या गप्प होत्या. जीपमध्ये त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ब्रह्मपुरी दिसायला लागल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, माह्या ताईचं असंच झालं."

त्यांची मोठी बहीण आरमोरीला दिलेली. तीही अशीच भिंगरी होती. अंगणवाडी, शेती, घर. एक दिवस पाण्याचा गुंड, भरलेली घागर, उचलताना लकवा मारला, तो कायमचा. वत्सलाताई तिला भेटायला जात त्याही धावत, आणि शेवटची बस गाठायला धावतच परत येत. "ताईले आता नीट बोलता येत नाई," त्या सांगत होत्या. "मी गेली का एकच म्हनते. बस ना थोडी. अन मी म्हनते, बसते व, पुढच्या बारीले." त्यांचे डोळे भरले होते. "मले तसं पडाचं नाई, मॅडम. बाजेवर पडून मंग आराम नाई पाहिजे मले. आताच पाहिजे, हिंडता-फिरता."

तर गोष्ट एवढीच होती. बाईला बाजेवर पडायचं नव्हतं.

घरच्यांनी सुरुवातीला मोठाच उत्साह दाखवला. देवरावभाऊ म्हणाले, भांड्याला बाई लावू. प्रफुल्लनं मोबाईलवर योगाचे व्हिडिओ पाठवले, ते पाहायला वत्सलाताईंना आणखी लवकर उठावं लागलं. आजींनी दृष्ट लागली म्हणून गूळ-पाणी ओवाळून टाकलं. भांड्याची बाई आली, तर तिच्या मागे मागे वत्सलाताईच भांडी पुन्हा विसळत. आठवडाभरात बाई गेली, योग गेला आणि "अवं, ऐकली का!" पूर्ववत सुरू झालं. भांडून काही होईल असं त्यांना वाटत नव्हतं. "भांडनाले बी ताकद लागते व," त्या म्हणायच्या. "ती वाचवाची म्हनून तर सारं चालू हाये."

पुढं आषाढी आली. आमच्याकडे चातुर्मासात बायका काहीतरी सोडतात किंवा धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा, कुणी एकभुक्त राहतं. घरात मुरलेला रिवाज आहे, त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नसते. एकादशीच्या संध्याकाळी आजींनी सहज विचारलं, "वत्सले, औंदा काय सोडतं?"

"सोडत नाई, आत्याबाई. धरते. मुक्यानं जेवाचा नेम धरते."

मी अंगणात तुळशीजवळ उभी होते. आजी खूश झाल्या. मुकं जेवण हा जुना नेम, त्यांच्या आईनंही केलेला. मग वत्सलाताईंनी अगदी साध्या आवाजात पुढचं सांगितलं. "पानावर बसलं का उठाचं नाई. बोलाचं नाई, वाढाचं नाई. शेवटचा घास होयेपर्यंत. अन जेवताना कोनी आवाज देला तर नेम मोडते. मोडला तर पाप आवाज देनाऱ्याले लागते."

हे शेवटचं कलम त्यांनी तिथल्या तिथं तयार केलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. आजींनाही शंका आली असावी. पण पापाचा विषय निघाल्यावर कोण परीक्षा पाहणार?

दुसऱ्या दिवशी द्वादशीला मला रात्री जेवायला बोलावलं होतं. वत्सलाताईंनी सगळ्यांना वाढलं, मग एक नवं स्टीलचं ताट काढलं, त्यात स्वतःला वाढून घेतलं, पाट मांडला, हात जोडले आणि बसल्या. दोन घास झाले असतील नसतील, देवरावभाऊ म्हणाले, "अवं, पानी." कुणी हललं नाही. "अवं, ऐकली का!" वत्सलाताई समोरच्या भिंतीकडे पाहत शांतपणे चावत होत्या. आजींनी बाजेवरून डोळे वटारले. देवरावभाऊंना नेम आठवला आणि ते उठले. पाण्याचा गुंड कुठं आहे हे त्या घरात जन्मलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी देवघराशी शोधलं, मग फ्रिजमागे. शेवटी मी बोट दाखवलं.

जेवण झाल्यावर वत्सलाताई माझ्या खोलीत आल्या. चेहरा वेगळाच होता. म्हणाल्या, "मॅडम, मी आज पयल्यांदा माह्या हातची अंबाडीची भाजी खाल्ली."

"मग? कशी होती?"

"आंबट! इतकी आंबट भाजी ह्या लोकाइनं इतके साल कशी खाल्ली असन व?"

आम्ही दोघी खूप हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्या घरातली अंबाडी सुधारली.

तो नेम त्यांनी आधी फक्त रात्रीच्या जेवणापुरता ठेवला होता. हीच त्यांची खुबी. त्या एकदम काही करत नसत. घरच्यांना रात्रीची सवय झाली तेव्हा त्यात सकाळचं जेवण आलं. रोवण्याचे दिवस होते. बांधीत बाया धान रोवत होत्या, त्यांचा चहा-नाश्ता घरूनच जायचा. तरीही सकाळी जीप येण्याआधी वत्सलाताई पाटावर बसून सावकाश जेवत. पहिल्या आठवड्यात जीपवाल्यानं हॉर्न बडवून गल्ली जागी केली. मग त्याचं त्यालाच समजलं की हॉर्ननं या बाई उठत नाहीत. तो आधी पुढच्या चौकातली सवारी घेऊन मागाहून आमच्याकडे यायला लागला. इतकी वर्षं त्यानं तसं केलं नव्हतं, कारण इतकी वर्षं आम्हीच पळत होतो.

कार्तिकी अजून यायची होती आणि मध्ये आली मंडई. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं आणि घरोघरी पाहुण्यांचा पूर येतो. शेंड्यांच्या घरी नणंद, नंदोई, त्यांचे सोयरे, सगळे आले. नंदोई म्हणजे त्या घरचे जुने जावई. जावयाच्या पानात भात संपलेला दिसणं म्हणजे घराची अब्रू गेली. पहिली पंगत वाढून वत्सलाताई नेमाप्रमाणे आत पाटावर बसल्या. त्यांना वाटलं होतं नणंद बघेल. नणंद शेजारी बांगड्या दाखवायला गेली होती. आणि जावईबापूंनी खणखणीत आवाज दिला, "वहिनी, भात आना!"

वत्सलाताईंचा हात थांबला. मी दारातून पाहत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली, एक गुडघा अर्धा वर आला. एवढ्या वर्षांची सवय अंगात धावत होती. मला वाटलं, संपला नेम. तेवढ्यात बाजेवरून आजींचा आवाज आला. "जावईबापू, तिले आवाज देऊ नका. मुक्याचा नेम हाये तिचा. पाप तुमाले लागन."

जावईबापू उठले. बाकीचे पुरुष त्यांच्याकडे पाहत होते. ते आत गेले, भाताचा गंज, ते मोठं पातेलं, उचलून बाहेर आले आणि एकदा हातात आलंच आहे म्हणून सगळ्या पंगतीला वाढत सुटले. पुढं त्यांना त्यात मजाच वाटायला लागली. "अजून घ्या, लाजू नका," असं आग्रह करत फिरत होते. वत्सलाताईंचा गुडघा हळूहळू खाली गेला. आजींनी खोटं कलम आपलंसं केलं होतं, आणि त्याबद्दल त्या दोघी एकमेकींशी कधीच काही बोलल्या नाहीत.

कार्तिकीला नेम सुटायचा. रीत अशी की उद्यापन करायचं, सवाष्णी जेवू घालायच्या आणि मुक्या जेवणाच्या नेमाला देवळात घंटा द्यायची. आजींनी आठवण करून दिली. वत्सलाताई म्हणाल्या, "घंटा चांगली पितळी पाहिजे, आत्याबाई. इथली नाई पसंत पडली मले. चंद्रपुराहून आनू." चंद्रपूरला कोण जाणार, कधी जाणार, हे ठरेना. मग धान कापणी आली, मळणी आली, शाळेच्या परीक्षा आल्या. उद्यापन झालं नाही तोवर नेम सुटत नाही, हे तर आजींनीच शिकवलेलं. पुढची आषाढी आली तेव्हा जुना नेम चालूच होता आणि त्यावर नवा आला: सकाळचा चहा बाहेरच्या ओट्यावर बसून प्यायचा. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा: दिवस मावळल्यावर गॅस पेटवायचा नाही. रात्री दुपारचाच भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, ज्याला गरम हवं त्यानं करून घ्यावं. देवरावभाऊंनी आठ दिवस थंड खाल्लं. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः गॅस पेटवला आणि वरण उतू घालवलं. वत्सलाताई अंगणात बसून माझ्याशी गप्पा मारत होत्या. वास आला, नाक वर केलं, पण उठल्या नाहीत. "मले जमून राह्यलं मॅडम," असं त्या पुटपुटल्या, आणि त्यांच्या आवाजात मला फार मोठा आनंद ऐकू आला.

घंटेचं घोंगडं असंच भिजत राहिलं. देवरावभाऊ एकदा भाबडेपणानं चंद्रपूरहून खरंच एक घंटा घेऊन आले. वत्सलाताईंनी ती वाजवून पाहिली, कान लावला, म्हणाल्या, "बद्द वाजते." ती पोळ्याला बैलाच्या गळ्यात गेली.

शाळेतही फरक पडत गेला. फळा आता पोरांनी "झालं" म्हटल्यावर पुसला जाई. उत्तर देताना अडणाऱ्या पोरीपुढे त्या गप्प उभ्या राहत. पोरगी घाबरून इकडेतिकडे पाही, आणि मग केव्हातरी वाक्य पूर्ण करी. जंगलाकडून वाघाची बातमी आली की शाळा सुटल्यावर पोरांना घोळक्यानं वस्तीपर्यंत पोहोचवावं लागे. त्या कामात पूर्वी त्या सगळ्यांच्या पुढे असत, पोरं मागे धापा टाकत. आता त्या सगळ्यात मागे, सगळ्यात लहान पोराचं बोट धरून चालत. आरमोरीला ताईकडे गेल्या की मुक्काम करून येत. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. मी आपली रोज डबा जीपमध्येच खात होते आणि त्या माझ्याकडे कीव येऊन पाहत होत्या.

मग प्रफुल्लचं लग्न झालं.

अश्विनी चांगली मुलगी होती. ब्रह्मपुरीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. आल्या दिवसापासून तिनं पदर खोचला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. देवरावभाऊंच्या हातात तांब्या, आजींच्या हातात चहा, प्रफुल्लचा डबा. त्यानं बदली करून ब्रह्मपुरीतच जागा मिळवली होती. दिवस मावळल्यावर गॅस न पेटवण्याचा नेम सासूचा होता, सुनेचा नव्हता, म्हणून रात्री पुन्हा गरम पोळ्या सुरू झाल्या. आठवडाभरात "अवं, ऐकली का" ऐवजी "अश्विनी बेटा" अशी हाक घुमायला लागली. देवरावभाऊंचे हात पुन्हा गळून पडले. आणि नातेवाईक येऊन वत्सलाताईंना सांगत, "सुटली बाई तू आता. सून आली."

एका सकाळी मी साखर मागायला गेले, तर अश्विनी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खात होती, एक डोळा गॅसवर. पलीकडे वत्सलाताई पाटावर बसल्या होत्या. त्यांचं ताट तसंच होतं. त्या सुनेकडे पाहत होत्या.

जीपमध्ये त्या माझ्या कानाशी बोलल्या. "मॅडम, माही सावकाशी त्या पोरीच्या पायावर चालून राह्यली. मी बसली तितकी ती धावून राह्यली."

"मग तिला सांगा ना, बस म्हणून."

"सांगतलं. 'हो आई' म्हनते अन धावते. नवीन हाये व. तिले वाटते, बसली तर नाव ठेवतीन. मी नाई ठेवनार, पन बाकीचे? मलेच उठा लागन आता. तिच्यासाठी तरी."

त्या आठवड्यात त्या खरंच उठल्या. मुक्या जेवणात दोनदा मध्येच उठून त्यांनी अश्विनीच्या हातातलं लाटणं घेतलं. महिन्याच्या तपासणीत बीपी पुन्हा चढलं. डॉक्टरांनी गोळी पूर्ण केली आणि विचारलं, "काय झालं बाई? बरं चाललं होतं की." त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. मला मात्र भीती वाटली. एवढ्या कष्टानं, इतकं हळूहळू जमवलेलं सगळं एका लग्नानं विस्कटणार असं दिसत होतं. आणि ती पोरगी, तिनं अजून तिशीही पाहिली नव्हती, ती त्याच वाटेला लागली होती.

पुन्हा आषाढी आली. आजींनी विचारायच्या आत वत्सलाताईंनी अश्विनीकडे बोट दाखवलं. "औंदा हिनं बी मुक्याचा नेम धरावा म्हनते मी."

"नवीन सुनेले पयल्या साली नेम नसते," आजी म्हणाल्या. विषय संपला. रीत म्हणजे रीत. वत्सलाताई इतकी वर्षं रितीच्या आडोशानंच जगल्या होत्या, तोच आडोसा आता आडवा आला.

द्वादशीला मी जेवायला होते. पुरुष पानांवर बसले होते, आजी बाजेवर. अश्विनी वाढत होती. वत्सलाताईंनी दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली आणि एका पाटावर बसून म्हणाल्या, "अश्विनी, बस."

"तुम्ही जेवा ना आई. बाबाले पोळी वाढते, मंग बसते."

"नाई. तू बसल्याबिगर मी घास घेत नाई."

आजींनी मान वर केली. "हे कोन्या पोथीत हाये व, वत्सले?"

वत्सलाताईंना सहज म्हणता आलं असतं, अमक्या पोथीत. कलमं करण्यात त्या पटाईत होत्या. मी वाटच पाहत होते. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "कोन्याच पोथीत नाई, आत्याबाई. मीच म्हनून राह्यली. इतके दिवस देवाचं नाव घेऊन जेवली, आज नाई घेत. ही पोरगी उभ्यानं खाते. मी बी तसंच खाल्लं. माह्या ताईनं तसंच खाल्लं, अन ती आज बाजेवर हाये. मले हे डोळ्यानं पाहवत नाई. कोनाले राग आला तर येऊ द्या."

एवढं मोठं वाक्य त्या घरात त्यांनी थांबून थांबून, कुठलीही घाई न करता बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. देवरावभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. प्रफुल्ल ताटाकडे पाहत होता. अश्विनी पोळीचा डबा धरून उभी होती आणि तिला कुठं पाहावं ते कळत नव्हतं. मला वाटलं आता आजी भडकणार.

आजींनी एकवार अश्विनीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या सासूच्या घरी मी सगळ्याइच्या मागून जेवाची. गंजात हात घालून पाहाची, खरडन उरली का नाई म्हनून. आता मतारपनी तुमी मले गरम देता. पन आता दात नाई." त्या बाजेवरून पाय खाली सोडायला लागल्या. "दोन काऊन वाढले? तिसरं वाढ. मी बी बसते तुमच्यात. अन खुर्ची आना मले, माहे घुटने वाकत नाई."

"मंग वाढन कोन?" देवरावभाऊंनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"तुले हात नाई का?" आजी म्हणाल्या.

प्रफुल्ल आधी उठला. त्यानं बायकोच्या हातातला पोळीचा डबा घेतला, आणि तो घेताना त्याचे कान लाल झाले होते. देवरावभाऊंनी खुर्ची आणली. तिघी बसल्या, एक खुर्चीवर, दोघी पाटावर. अश्विनी पहिले काही घास मान खाली घालून खात होती. मग रडायला लागली, तशीच मुक्यानं, आणि रडत रडत जेवली. वत्सलाताईंनी तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला. मी पाहुणी, मला बोलायची मुभा होती, म्हणून मी देवरावभाऊंना म्हटलं, "भाऊ, मला वरण वाढा." त्यांनी वाढलं. अर्धं ताटात, अर्धं माझ्या साडीवर.

त्यानंतर त्या घरात सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. बाप-लेकांनी केलेली पोळी पापडासारखी व्हायची, आणि हाका अधूनमधून यायच्याच. पण प्रत्येक महिन्याला एखादी हाक कमी झाली. वत्सलाताईंची गोळी पुन्हा अर्ध्यावर आली. कार्तिकीला आजींनी उद्यापनाचा विषयच काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली गोंडपिपरीकडे झाली. सामान आधी गेलं, राहिलेल्या चार वस्तू न्यायला मी एका रविवारी परत आले. दुपारची चंद्रपूरची बस धरायची होती, म्हणून रिक्षा थांबवूनच फाटकातून आत शिरले. दार उघडं होतं. दारात देवरावभाऊ उभे, हातात वरणाची पळी. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ओसरीवरच्या खुर्चीकडे इशारा केला.

आत तिघी जेवत होत्या. मी दारातून डोकावले. वत्सलाताईंनी मला पाहिलं. पूर्वी मला पाहून त्या तोंडात घास असतानाच चहा ठेवायच्या, काहीतरी बांधून द्यायला धावायच्या. आज त्यांनी भरल्या तोंडानं मोठं हसू दिलं, डोळ्यांनी "बसा" म्हणाल्या, आणि भाताचं आळं करून देवरावभाऊंपुढे ताट सरकवलं. ते पळी घेऊन वाकले. मला इतकं बरं वाटलं की मी रिक्षावाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि खुर्चीत बसले.

माझी बस गेली. वत्सलाताई अजून जेवत होत्या.